फेड म्हणजे फिकट होणं, एवढंच का?

गिरणाकाठ (धागाकर्ती)

प्रश्न इंग्रजीचा आहे, पण अडलंय मराठीत.

मुलगी नववीला, सेमी इंग्रजी. चाचणीत दोन वाक्यांचं मराठी करायचं होतं. एक, ‘द स्माईल फेडेड फ्रॉम हर फेस’. दुसरं, ‘द साउंड ऑफ द ट्रेन स्लोली फेडेड’. हिने लिहिलं, ‘तिच्या चेहऱ्यावरचं हसू फिकट झालं’ आणि ‘गाडीचा आवाज हळूहळू फिका पडला’. दोन्हीवर लाल फुली. वहीत शब्दार्थ मात्र ‘फेड – फिकट होणे’ असाच उतरवून दिलेला आहे, मी स्वतः पाहिला. मग चुकलं कुठे, हे तिला मला सांगता येईना. वाचलं की कानाला खटकतं, एवढंच कळतं. मी म्हटलं, ‘हसू मावळलं’ लिहायचं होतंस. ती म्हणाली, मावळतो तो सूर्य.

आवाजाचं तर आमच्याकडे रोजचंच. घर रुळापासून दोन शेतं सोडून आहे. रात्री चाळीसगावहून धुळ्याकडे गाडी गेली की आवाज बराच वेळ येत राहतो, मग येत नाही. नेमका कधी थांबला ते कधीच सांगता येत नाही. याला मराठीत काय म्हणायचं?


शेवभाजी_जहाल

ताई, आमच्याकडे फेड एकच. सोसायटीच्या पीककर्जाची. मुदतीच्या आत केली तर व्याजात सवलत, नाही केली तर चेहऱ्यावरचं हसू आपोआप फिकट.


गिरणाकाठ

@शेवभाजी_जहाल, हसले. पण खरंच, मुलीला आधी तोच ‘फेड’ आठवला होता. कर्ज फेडणं, नवस फेडणं, पांग फेडणं. म्हणाली, आई, हसू परत केलं का तिने?


मास्तर_अमळनेर

लेकीचं डोकं चांगलं आहे, फुलीकडे लक्ष देऊ नका.

हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, साधारण १४व्या शतकात. फ्रेंचमध्ये आजही ‘फाद’ म्हणजे बेचव, मिळमिळीत. म्हणजे मूळ ओढाताण चवीची आणि रंगाची, दोन्हींची. आपल्या ‘फिका’चंही तेच आहे की. फिका रंग, फिका चहा, आणि वरच्या भाऊंच्या भाषेत फिकी शेवभाजी. म्हणून वहीतला अर्थ खोटा नाही. अपुरा आहे.

खरी गोम अशी. इंग्रजी माणूस एकच क्रियापद घेतो आणि ते सगळ्याला लावतो. पडदा फेड होतो, फूल फेड होतं, हसू, आवाज, आठवण, आशा, अंगावरचा वळ, सगळं फेडच होतं. आपण तसं करत नाही. आपण आधी विचारतो, बाबा रे, जातंय काय? रंग असेल तर विटतो. फूल कोमेजतं. आवाज विरतो. आठवण पुसट होते. हसू आणि आशा मावळतात. उत्साह ओसरतो. माणूस खंगतो. एकाचं दुसऱ्याला लावलं की वाक्य व्याकरणात बसतं पण तोंडात बसत नाही. ‘आठवण कोमेजली’ हे कवितेत चालेल, ‘उत्साह विटला’ तिथेही चालणार नाही.

आणि उलट्या बाजूनेही सापळा आहे. मराठीत पूर ओसरतो, गर्दी ओसरते, सूज ओसरते, म्हणून पोरं निबंधात ‘द फ्लड फेडेड’ लिहितात. पुराला, सुजेला इंग्रजीत ‘सबसाइड’. गर्दीची डोकी कमी होत जातात, तिथे ‘डविंडल’, म्हणजे आपलं रोडावणं. वर्गाचा पट रोडावतो, तो फेड होत नाही. वद्य पक्षातल्या चंद्राला ‘वेन’. ‘एब’ म्हणजे ओहोटी, पण ती आपल्याला कुठून दिसणार? आपली तापी समुद्राला मिळते ती पार सुरतेपुढे.


केळीचं_खोड

मास्तर, ‘पीटर आउट’ राहिलं. माझ्या बॉसच्या तोंडी सारखं असतं. मला आधी वाटायचं पीटर नावाचा कोणी नोकरी सोडून गेला.


मास्तर_अमळनेर

ते अमेरिकेतल्या खाणकामगारांचं, १९व्या शतकातलं. धातूची शीर खणत जावं आणि ती बारीक होत होत संपावी. गिरणेचं पाणी उन्हाळ्यात वाळूत जिरत जातं ना, पुढे गेलं की नुसती ओली वाळू, आणखी पुढे कोरडी, तसं.


फुले_मार्केट_नाना

मास्तरांचा मान राखून सांगतो, रंगाच्या बाबतीत ‘फेड म्हणजे विटणे’ एवढ्यावर सोडू नका. जळगावात ३८ वर्षं कापड विकलं. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, ‘नाना, रंग गेला.’ मी पहिलं विचारायचो, गेला कसा? पाण्यात गेला की उन्हात?

पाण्यात गेला म्हणजे बादलीभर लाल पाणी आणि नवऱ्याचा पांढरा शर्ट गुलाबी. त्याला ‘रंग जाणं’ म्हणतात, इंग्रजीत ‘ब्लीड’. तो एका धुण्यात कळतो. उन्हात जातो तो विटतो, तो फेड. तो कोणाला जाताना दिसत नाही.

दुकानात पश्चिमेकडच्या फळीवर ताके उभे असायचे. मे महिन्यात आपल्याकडचा पारा ४५ च्या पुढे, दुपारी तीन ते सहा ऊन थेट फळीवर. ताका रोज बघायचो, काही वाटायचं नाही. एके दिवशी गिऱ्हाइकाने गर्द निळा ताका मागितला, मी फडफड करून उलगडला, तर आत गर्द निळा आणि दर घडीच्या कडेला बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा. पट्टा, निळा, पट्टा, निळा, साडेबारा मीटरभर. आतला निळा शेजारी आला तेव्हा बाहेरचा विटलेला दिसला, नाहीतर आणखी वर्षभर तो मी निळाच म्हणून विकला असता. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बोलायची सोयच नाही. तो ताका शेवटी शाळेच्या गॅदरिंगच्या पडद्याला गेला, अर्ध्या भावात.

आणि एक गंमत. जीन्सची पोरं ‘फेडेड’ मागतात आणि जास्त पैसे देतात. त्यात नीळ सुताच्या वरवरच्या थरावरच बसवलेली असते, गाभा पांढराच. आडवा धागा तर रंगवतच नाहीत. वरचं झिजलं की आतलं पांढरं डोकावतं. म्हणजे तिथे कापड कमी आणि झीज जास्त विकतात. माझ्या ताक्याला हे गिऱ्हाईक का नाही भेटलं कोण जाणे.


मिड_फेड_जळगाव

नाना _/\_

आता मी सांगतो. फेडची व्याख्या आमच्या सलूनवाल्याकडे आहे, डिक्शनरीत नाही. मागच्या रविवारी केसांचा मिड फेड कट मारायला गेलो. खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, भाऊ, फेड म्हणजे काय? तो मशीनचा नंबर बदलत म्हणाला, ‘खाली झिरो, मग अर्धा, मग एक, मग दीड, वर कात्री. मधी रेघ दिसली तर पैसे देऊ नका.’

बस. रेघ दिसली तर तो फेड नाही, तो कटोरा कट.


गिरणाकाठ

रेघ दिसली तर फेड नाही! हे मी वहीत लिहून ठेवलं. गाडीच्या आवाजाचं हेच तर म्हणत होते मी.


बिघडलेला_ट्रान्झिस्टर

चांगला धागा. मी रेडिओच्या बाजूने बोलतो, कारण फेड हा आमच्या पिढीने आधी कानाने शिकलेला शब्द.

लहानपणी रेडिओ सिलोन लावायचो. लघुलहरींवर. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला. गाणं अगदी शेजारच्या खोलीत वाजतंय असं यायचं, मग खोल खोल जायचं, विहिरीत गेल्यासारखं, आणि कडव्याच्या शेवटी परत वर. वडील खोक्याला थापड मारायचे. दोष खोक्याचा नव्हताच. लघुलहरी वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून खाली येतात, वेगवेगळ्या वाटांनी येतात, आणि एकमेकींत मिसळताना कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारून टाकतात. वरचा तो थरही हलता. याला ‘फेडिंग’ म्हणतात. तेव्हा लक्षात घ्या, फेड झालेलं परत येऊ शकतं. ‘व्हॅनिश’ झालेलं तसं येत-जात राहत नाही.

पुढे स्टुडिओत उमेदवारी केली तेव्हा समोरच्या पाटीवर ‘फेडर’. सरकवायची पट्टी. नवा होतो, बातम्यांची वेळ झाली म्हणून गाणं खटकन बंद केलं. वरिष्ठ म्हणाले, ‘गाण्याचा गळा दाबू नका, त्याला दाराबाहेर पोचवून या.’ म्हणजे फेड आउट. आणि ‘फेड इन’ तर त्याहून मजेशीर. तिथे शब्द तोच, पण वस्तू नाहीशी होत नाही, हळूहळू प्रकट होते. सिनेमातही काळ्या पडद्यातून चित्र उमटतं त्याला फेड इन. म्हणून मी म्हणेन, ‘नाहीसं होणं’ हा फेडचा अर्धाच अर्थ. उरलेला अर्धा ‘हळूहळू’ हा आहे.

जाता जाता, आपल्या भजनाला फेड आउट नसतो हे कोणाच्या लक्षात आलंय का? आपलं उलट. लय चढत चढत जाते, टाळ अंगावर येतात, आणि ‘पुंडलिक वरदे हरी विठ्ठल’ला कुऱ्हाड मारल्यासारखं संपतं. समोर माणसं बसलेली असताना विरून जाणं अवघडच आहे. ते यंत्राचं काम.


घाट_उतार

ड्रायव्हर लोकांचं पण ऐका. ब्रेक फेड आणि ब्रेक फेल यात लोक गल्लत करतात. आमच्यात सगळे ‘फेल’च म्हणतात.

कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना नवीन पोरगा गाडी चौथ्यात ठेवतो आणि पूर्ण उतार ब्रेकवर पाय देऊन बसतो. लायनर तापतो, वास यायला लागतो. मग पाय पूर्ण दाबलेला, पॅडल कडक, आणि गाडी ऐकत नाही. काही तुटलेलं नसतं. तापल्यामुळे घर्षण कमी झालेलं असतं. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं, गार झालं, की ब्रेक परत. हा फेड. पाइप फुटला, ऑइल गेलं, पॅडल खाली टेकलं, तो फेल. फेलला थांबून उपयोग नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी सांगितलं.

ट्रान्झिस्टर भाऊ म्हणतात ते बरोबर, फेड परत येतं. पण घाटात आपण तितका वेळ असतो का हा प्रश्न वेगळा.


केळीचं_खोड

अंगावर काटा.


भुसावळ_यार्ड

अजिंठ्याचं कोणी काढलं नाही अजून? आमच्यापासून दीड-दोन तासांवर. तिथे गेलेला प्रत्येक जण खाली उतरून म्हणतो, ‘चित्रं फेड झाली यार.’

पूर्ण चुकीचं नाही, पण नीट बघितलं तर तिथे तीन वेगवेगळी दुखणी आहेत. काही ठिकाणी रंग खरोखर विटलाय. काही ठिकाणी विटायला काही उरलंच नाही, गिलाव्याचे पोपडेच पडलेत, ते फेड नव्हे, ते गळून पडणं. आणि काही ठिकाणी तर चित्र काळवंडलंय, पिवळं पडलंय, कारण निजामाच्या काळात इटलीचे तज्ज्ञ आणून चित्रं वाचवायला वरून लाखेचं रोगण दिलं आणि तेच पुढे पिवळं पडलं. त्याला फेड कसं म्हणणार? ते उलट गडद झालंय. त्यातच मधे एखादा निळा असा ताजा की काल लावलाय. तो लाजवर्द, दगड कुटून केलेला रंग, अफगाणिस्तानातून आलेला. नानांचा ताका त्याच्यापुढे काहीच नाही.

ज्या रॉबर्ट गिल साहेबाने १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथे बसून या चित्रांच्या नकला केल्या, त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. १८७९ मध्ये वारला. त्याने काढलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. म्हणजे भिंतीवरचं मूळ हळूहळू जात राहिलं आणि त्याची नक्कल एका आगीत गेली. पहिल्याला फेड, दुसऱ्याला व्हॅनिश. ताई, लेकीला दोन शब्दांतला फरक सांगायला हे उदाहरण द्या.


फुले_मार्केट_नाना

लाजवर्दाशी स्पर्धा नाही हो भाऊ. आमचं सुती.


पांझरा_पूल

मी एक टोचणारं विचारू का? सगळे गाडी, गाणी, ब्रेकवर बोलताहेत. आमनी अहिराणी फेड व्हई ऱ्हायनी का नही? धुळ्यात माझ्या गल्लीत म्हातारे बोलतात. माझ्या वयाचे घरात बोलतात, दारात पाव्हणा आला की मराठी. पोरेसले समजस, पन बोलतस नही. रेघ दिसली का कुठे? नाही दिसली. सलूनवाल्याच्या हिशोबाने हा पक्का फेड.


मास्तर_अमळनेर

दुखणं खरं आहे, पण आकड्यांनी सिद्ध करायला जाल तर फसाल. जनगणनेत खानदेशी म्हणून, त्यात अहिराणी धरून, मातृभाषा नोंदवणारे १९९१ ला ९ लाख ७३ हजार होते. २००१ ला २० लाख ७५ हजार. २०११ ला १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत भाषा बोलणारे दुप्पट होतील असं काही आपल्या भागात घडलं नाही. बदललं ते एवढंच, की दारात वही घेऊन आलेल्याला माणसाने काय सांगितलं आणि त्याने काय लिहिलं. बरेच लोक ‘मराठी’ सांगून मोकळे होतात. ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्लांच्या भाषांबरोबर बसवलंय, त्यावरून लोक अजून भांडतात. मोजायचं काय हेच ठरलेलं नाही, तर कमी झालं किती हे कसं ठरणार?


पांझरा_पूल

मास्तर, तुम्ही आकडे सांगा, मी घर सांगतो. माझी आजी म्हणायची ‘दिन बुडना’. माझी आई म्हणते ‘दिवस मावळला’. माझा मुलगा म्हणतो ‘सनसेट झाला’. तिघं एकाच ओसरीवर बसलेले. याला जनगणना कशाला लागते?

आणि गिरणाकाठ ताई, तुमच्या मुलीला ‘मावळणं’ परकं का वाटलं याचं उत्तरही यातच आहे बघा. आपल्या घरात दिन बुडतो. मावळतो तो पुस्तकात. पुस्तकातला शब्द पुस्तकातल्या सूर्यालाच चिकटून राहतो, हसण्यापर्यंत येत नाही.


मास्तर_अमळनेर

हे मला सुचलं नव्हतं. मान्य.

पण ‘फेड’ इथे मी तरी लावणार नाही. पडदा उन्हात विटतो तेव्हा पडद्याचा त्यात हात नसतो. पाव्हणा आला की भाषा बदलणारे आपण आहोत. मराठीत विटणं, विरणं, मावळणं यांना बाहेरचा कर्ता लागत नाही, ‘उन्हाने पडदे विटले’ म्हटलं तरी विटतो पडदाच. इंग्रजीत मात्र ‘द सन फेडेड द कर्टन्स’ असं ऊन थेट कर्ता होऊन बसतं. तुमच्या वाक्यात ऊन कोण, ते लिहा, मग मी फेड म्हणतो.


पांझरा_पूल

ऊन मी. लिहा.


शेवभाजी_जहाल

भाऊ, जड झालं एकदम. माझी कर्जाची फेड बरी होती.


गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. काल सगळा धागा मुलीला वाचून दाखवला. सलूनवाला तिला सगळ्यात आवडला, त्या खालोखाल नानांचा पट्टा-निळा-पट्टा. दुसऱ्या वाक्याचं तिने परत लिहिलं, ‘गाडीचा आवाज विरत विरत गेला’. ‘विरत विरत’ दोनदा का, तर म्हणे एकदाच लिहिलं तर रेघ दिसते. बाईंना दाखवलं, त्यांनी अर्धा मार्क वाढवला.

पहिल्या वाक्यावर अजून घरात एकमत नाही. हसू मावळलं, हसू विरलं, हसू ओसरलं, तिघांची तीन. म्हणून रात्री सासूबाईंना विचारलं. त्या दारात माठाजवळ बसल्या होत्या. मी वाक्य मराठीत सांगितलं, की एक बाई हसत असते आणि मग तिचं हसू हळूहळू जातं, याला अहिराणीत काय म्हणाल?

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘कोन्ही बाई? काय व्हयनं तिले?’

मुलीने पेपर परत उघडून पाहिला. पुढचं वाक्य गाडीचंच आहे.